ताइफहून आलेल्या पट्ट्या

व्हिडिओ एडिटिंगच्या संगणकाला रॅम किती घ्यावी, हा प्रश्न जेद्दामधल्या निम्म्या पोरींनी मला विचारून झालाय, आणि प्रत्येकीला मी एकच उत्तर दिलंय: वाटते त्याच्या दुप्पट. वेग थोडा कमी असला तरी भागतं, पण जागा कमी पडली की काही खरं नाही. या पोरी मात्र ऐकतील तर शपथ. रॅमच्या रंगीत दिव्यांच्या, चकाकणाऱ्या पट्ट्या घेऊन येतात, चार कॅमेऱ्यांचं चित्रीकरण एकदम उघडतात आणि मशीन अडलं की मला फोन करतात. मी आधी झापते आणि मग समजावून सांगते. माझा स्वभावच तसा आहे.

मी रुवैदा. लग्नाच्या फिल्मचं एडिटिंग करते, तेही फक्त बायकांच्या हॉलचं. आमच्याकडे लग्नात बायकांचा हॉल वेगळा असतो. दार बंद झालं की अबाया उतरतात, केस मोकळे सुटतात आणि एरवी शेजाऱ्यालाही चेहरा न दाखवणाऱ्या बाया भान हरपून नाचतात. ते चित्रीकरण परपुरुषाच्या नजरेला पडता कामा नये. म्हणून कॅमेऱ्यामागे बाई आणि एडिटिंगलाही बाई. माझ्या मशीनला इंटरनेटची तार कधी लागलेली नाही. चित्रीकरणाची डिस्क नवरीच्या आईची असते. तीच घेऊन येते आणि काम झालं की तीच घेऊन जाते. माझ्याकडे मागे काही उरत नाही.

अजून एक रीत आहे. फिल्मची पक्की फाइल बनवण्याआधी नवरीच्या आईला शेजारी बसवून सगळी फिल्म माझ्याच मशीनवर दाखवायची. ती पडद्यावर बोट ठेवून सांगते, ही राहू दे, हिला काढ. कुणाच्या नवऱ्याला चालत नाही, कुणी चुकून कॅमेऱ्यात आलेली असते, कुणाशी लग्नाच्या जेवणावरून बिनसलेलं असतं. ज्या बाईला काढायचं तिच्या जागी मी मागची भिंत नाहीतर पडदा ओढून घेते. आईने हो म्हटल्यावरच फाइल बनते. तोवर तयार फिल्म असते ती फक्त रॅममध्ये, म्हणजे मशीन बंद केलं की गेली.

या धंद्यात सगळं विश्वासावर चालतं. मागे माझ्यासारखंच काम करणाऱ्या एकीच्या फिल्ममध्ये भलत्याच घरची बाई दिसली. तिने दोन घरांच्या डिस्क एकत्र केल्या असतील, नसतील, कोण जाणे. पण त्यानंतर तिच्या दारात कुणी पाऊल ठेवलं नाही. आता ती केक करून विकते.

ईद झाली की लग्नांची झुंबड उडते. त्या वर्षी सफीनाज खालाचं काम माझ्याकडे आलं. नात्याची नव्हे, पण सगळेच तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात; आमच्या रौदा भागातलं मोठं प्रस्थ. नवरा गेल्यावर एकुलत्या एका लेकीला, जुमानाला, तिने एकटीने वाढवलेलं. जुमाना लग्नानंतर नवऱ्याबरोबर कायमची कॅनडाला जाणार होती आणि निघायचा दिवस अगदी तोंडावर आला होता. खालाने डिस्क माझ्या हातात ठेवली तेव्हा ती नेहमीची टोमणे मारणारी खाला नव्हती. ती म्हणाली, ‘‘पोरगी विमानात बसायच्या आत फिल्म दे रुवैदा. रिकाम्या घरात मी भिंतींकडे बघत बसणार नाही.’’ मी शब्द दिला.

आणि नेमकी तेव्हाच रॅम कमी पडायला लागली. चित्रीकरण माझ्या मावसबहिणीने, बयानने केलं होतं. बाई हौशी, तिने या वेळी नवे कॅमेरे आणले होते आणि एकेका फाइलचं वजन दुपटीने वाढलं होतं. माझी बत्तीस जीबी त्यापुढे कुठे पुरणार? दोन पावलं चालून मशीन थांबायचं, चित्र गोठायचं. मी गाडी काढली आणि फलस्तीन रस्त्यावरच्या संगणक बाजारात गेले.

अबू अवदच्या दुकानात मी वर्षानुवर्षं जाते. येमेनमधल्या हद्रमौतचा माणूस, जिभेवर साखर आणि हिशोबाला चोख. मला एकसारख्या चार पट्ट्या हव्या होत्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच खेपेच्या. वेगवेगळ्या खेपांच्या पट्ट्या एकत्र लावल्या की कधी दगा देतील ते सांगता येत नाही. नवा माल बंदरात अडकला होता. अबू अवद जरा घुटमळला आणि आतून एक डबी घेऊन आला. बत्तीस-बत्तीसच्या चार पट्ट्या, वापरलेल्या पण स्वच्छ. ताइफमधल्या बायकांच्या एका स्टुडिओतून आलेल्या आहेत, म्हणाला. स्टुडिओ बंद झाला.

मी वापरलेली डिस्क कधीही घेणार नाही. पण रॅमची गोष्ट वेगळी. माझ्या मनातलं ओळखून तोच म्हणाला, ‘‘पट्टीत काही राहत नाही ताई. वीज गेली की पाटी कोरी.’’

हे मला माहीत होतंच. मीच ते इतरांना शिकवते.

तरी दुधाने पोळलेली बाई मी. घरी आल्यावर पट्ट्या बसवल्या आणि सबंध दिवस रॅम तपासायचा प्रोग्रॅम चालू ठेवला. तेवढ्यात माझा स्वयंपाक झाला, कपडे झाले, बाल्कनीतली धूळ काढून झाली. एकही चूक सापडली नाही. खालाची फिल्म उघडली तर काय, लोण्यातून सुरी फिरावी तशी चालली. मी खूश झाले. बयानला फोन करून चार शब्द मिरवूनही घेतले.

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. आमच्या एडिटिंगच्या पडद्यावर खाली एक रेघ असते. फिल्मचा जेवढा भाग रॅममध्ये तयार होतो, तेवढी ती हिरवी होते. सकाळी मशीन चालू केलं की ती कोरी असायला हवी. ती हिरवी होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी म्हटलं, प्रोग्रॅमचा काहीतरी घोळ असेल. पुसून टाकली आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशीही तेच. या वेळी मी न पुसता फिल्म तशीच चालवून पाहिली.

नवरीच्या प्रवेशाचं दृश्य होतं. दिवे मंदावतात, डफ वाजायला लागतात आणि सगळ्या बाया दाराकडे वळतात. दाराजवळच्या टेबलाशी एक बाई बसली होती, आमच्याकडे पाठ करून. दुधी रंगाचा साधा झगा. माझी नजर अडली ती त्या रंगावर. लग्नात नवरीशिवाय कुणी पांढऱ्याच्या आसपासही जात नाही, तेवढी लाज सगळ्यांना असते. बाकी बाया उठून उभ्या होत्या आणि ही बसलेली होती.

मी डिस्कवरचं मूळ चित्रीकरण उघडलं. ते टेबल रिकामं होतं.

भुताखेतांचा विचारसुद्धा मनात आला नाही. मला आठवली ती केक विकणारी. दुसऱ्या कुणाचं चित्रीकरण माझ्याकडे आलं तरी कुठून? डिस्क तीच होती, मशीनमध्ये दुसरं काही नव्हतं. बयानला बोलावून घेतलं. ती म्हणाली, त्या टेबलाशी कुणी नव्हतंच. दार उघडलं की त्याला आदळायचं, म्हणून हॉलवाल्यांनी ते मोकळंच ठेवलं होतं. मग मी तिला फिल्म दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली.

‘‘ओळखीची वाटतेय गं,’’ ती म्हणाली.

‘‘कोण आहे?’’

‘‘नाव नाही आठवत. पण आपल्यातलीच आहे.’’

मला बरं वाटलं नाही, कारण मलाही तसंच वाटलं होतं. नुसत्या पाठीवरून, मानेच्या वळणावरून. घरातलं माणूस गर्दीत पाठमोरं दिसलं तरी कळतं ना, तसं.

रॅमवर संशय आला की करायचं काम ठरलेलं आहे. सगळ्या पट्ट्या काढायच्या, एकेक लावून बघायची, म्हणजे बिघडलेली सापडते. हे मशीन मी अबू अवदच्या दुकानात नेऊ शकले असते तर किती बरं झालं असतं. पण आत खालाच्या घरच्या बाया होत्या, केस मोकळे सोडलेल्या. ते मशीन परपुरुषासमोर उघडायचं नव्हतं. म्हणून दार लावून घेतलं आणि मीच बसले.

एक पट्टी लावली. फिल्म अडखळत चालली आणि ती बाई नव्हती. पट्टी बदलली, तरी नव्हती. चारही एकेकटी लावून बघितली. सगळ्या निर्दोष.

दोन लावल्या. ती दाराजवळ होती, पाठमोरी.

तीन लावल्या. ती मधल्या टेबलाशी होती, आणि मान वळवायला लागली होती.

चारही असताना ती दाराशी होती, आता तीनच असून पुढे सरकली होती. चौथी पट्टी हातात घेऊन मी बसून राहिले. मशीनचा पत्रा उघडा होता आणि आतून गरम वाफेबरोबर उदाच्या धुरीचा वास येत होता. लग्नाच्या हॉलमध्ये येतो तसा दाट. माझ्या घरात मी धुरी जाळत नाही, राखेने पंखे बिघडतात. चौथी पट्टी मी लावली नाही.

अबू अवदला फोन केला. सगळं सांगितलं नाही, काय सांगणार होते? विचारलं, या पट्ट्या आणखी कुणी नेल्या होत्या का? तो म्हणाला, तुमच्या आधी एक बाई घेऊन गेली होती आणि तिने परत आणून दिल्या.

‘‘काय खराबी होती?’’

‘‘तेच विचारलं मी. म्हणाली, खराबी काही नाही. फार छान चालतात, म्हणून परत देतेय.’’

त्या चारही पट्ट्या मी डबीत घातल्या आणि जुनी बत्तीस जीबी परत बसवली. फिल्म रखडत, अडखळत का होईना, पूर्ण केली. मशीन गोठत होतं, मी थांबत होते, कॉफी पीत होते, पुन्हा पुढे सरकत होते. जीव मेटाकुटीला आला. पण फिल्म झाली, आणि दुधी झगा पुन्हा दिसला नाही.

गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर सफीनाज खाला आली. एका हातात कॉफीचा थर्मास आणि दुसऱ्यात मामूलचा, खजूर भरलेल्या बिस्किटांचा डबा. दुसऱ्या दिवशी जुमानाचं विमान होतं. बॅगा भरून झाल्या आहेत, पोरगी नवऱ्याच्या आजीला भेटायला गेलीय, परतताना मला घ्यायला येईल, हे सगळं खालाने अबाया उतरवता उतरवताच सांगितलं. मी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि फिल्म चालू केली.

मेंदीचे भाग कसेबसे पार पडले. खालाने दोन बायकांवर बोट ठेवलं, मी खूण करून ठेवली. मग नवरीच्या प्रवेशाला चित्र गोठलं. जुमानाचा एक पाय दारात आणि चेहरा वेडावाकडा थांबलेला. मी पुन्हा चालवलं, पुन्हा गोठलं.

‘‘नाचता येईना अंगण वाकडं,’’ खाला म्हणाली. ‘‘सगळं गाव तुझं नाव घेतं म्हणून आले होते मी.’’ मग तिचा आवाज उतरला. ‘‘एवढंच बघायला आले होते गं. ती दारातून येताना. त्या दिवशी माझ्याच डोळ्यांत पाणी होतं, मला नीट दिसलंच नाही.’’

मला तिची दया आली, आणि माझ्या नावाचीही काळजी वाटली. दोन्ही खरं. डबी टेबलाच्या खणात होती. मी विचार केला, दोनच पट्ट्या लावू. दोन असताना ती बाई दाराशी असते, पाठमोरी. खालाच्या नजरेला पडली तरी ती काय म्हणेल? ही कोण, हिला काढ. आमच्या धंद्यात याहून साधी गोष्ट नाही.

मी मशीन बंद केलं, पत्रा उघडला, पट्ट्या बदलल्या. खाला तोवर कॉफी पीत होती आणि मला मेकॅनिक म्हणून चिडवत होती.

फिल्म सुरळीत चालली.

दार उघडलं, डफ वाजले, जुमाना आत आली. मी आधी दाराजवळच्या टेबलाकडे पाहिलं. ते रिकामं होतं.

बायकांनी जुमानावर फुलं उधळली. कॅमेरा तिच्या मागोमाग मंचापर्यंत गेला. ती वळली, झगा सावरला आणि कोचावर बसली.

तिच्या शेजारी ती बसली होती.

समोरून. चेहरा कॅमेऱ्याकडे. मी तो चेहरा नीट पाहिला आणि आजही त्याबद्दल मला सांगता येत नाही. नजर हटली की नाक आठवत नाही, डोळे आठवत नाहीत. फक्त जवळचं माणूस पाहिल्यासारखी माया दाटून येते. मलाही आली, ते खोटं बोलणार नाही.

मी खालाकडे वळले. कप खाली ठेवलेला, हात छातीवर.

‘‘अल्लाहची किती कृपा,’’ ती पुटपुटली. ‘‘किती दमलीय बघ माझी पोर.’’

तिने हात पुढे करून पडद्यावर बोटं ठेवली आणि गालावरून हळूच फिरवली. जुमानाच्या नाही.

‘‘खाला,’’ मी म्हटलं.

‘‘डोळे अगदी बापाचे.’’

मग तिने डोळे पुसले आणि जुमानावर बोट ठेवलं, दोन बायकांवर ठेवलं होतं तसंच.

‘‘हिला काढ. कुणाच्या घरची आहे कोण जाणे, सारखी माझ्या लेकीला चिकटून बसलीय. आणि अंगावर पांढरं.’’

मी मशीनची तारच ओढून काढली.

पडदा काळा झाला. घाईत पट्ट्यांचे चिमटे सुटेनात. जुनी रॅम बसवली, मशीन चालू केलं, डिस्कवरचं मूळ चित्रीकरण उघडलं. चित्र अडखळत पुढे सरकलं. मंचावर जुमाना एकटी होती.

खाला बघत राहिली. ‘‘मी हिला काढायला सांगितलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या लेकीला का काढलंस?’’

‘‘खाला, हीच जुमाना. नीट बघा.’’

ती रागावली नाही. रागावली असती तर मला चाललं असतं. खोटं बोलताना सापडलेल्या लहान पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, ‘‘रुवैदा, जुमानाला मी जन्म दिलाय.’’

दारावरची बेल वाजली.

मी दार उघडलं. जुमाना घाईत आत आली, नकाब वर केला आणि माझ्या गालाला गाल लावला. तळहातावरची मेंदी अजून गडद होती. गाडी खाली उभी आहे, म्हणाली, आईला चला म्हणा, अजून एक बॅग भरायचीय. आणि फिल्म कशी झाली? उत्तराला न थांबता ती तशीच पुढे आतल्या खोलीत गेली.

खालाने तिला पाहिलं आणि उठून उभी राहिली. मांडीवरचे मामूलचे कण झटकले, केस सारखे केले आणि थर्मासमधून कॉफी ओतून कप दोन्ही हातांनी पुढे केला.

‘‘ये बाळ, बस. तू कुणाची गं?’’

जुमाना हसली. आईची थट्टा तिला नवी नव्हती. ‘‘तुझीच,’’ म्हणाली आणि वाकून तिने आईच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

खालाही हसली, परक्याच्या गुणी मुलीकडे बघून हसतात तशी.

‘‘गोड आहेस. कॉफी पी आणि नीघ हो. संध्याकाळ होत आलीय, तुझी आई वाट बघत असेल.’’

जुमाना अजून हसत होती. हातात कप तसाच धरून तिने माझ्याकडे पाहिलं.